निकमकाकांच्या बावीस पायऱ्या

“निकम महिनाअखेरीला जाणार, कायमचा. ज्योती न्यायलाच येतेय. एकदा का पुण्याला...”

सोनवणेकाका एवढं बोलले आणि माझ्या कुकरची शिट्टी झाली. पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. गॅस बंद करून खिडकीशी आले तोवर बाहेर विषय बदललेला.

मी चोरून ऐकत नाही हं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकीच पार्किंगवर उघडते, आणि त्याच पार्किंगमध्ये तीन रिटायर्ड एअरफोर्सवाले रोज सकाळी खुर्च्या टाकून बसतात. पोळ्या लाटताना हात गुंतलेले असतात, कान मोकळेच असतात. पंधरा वर्षं झाली याला. घरातली रद्दी निदान महिन्याला जाते. यांचे किस्से नुसते साठत चाललेत. आमचे हे एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात आहेत. ते म्हणतात, “तुला आता एअरफोर्सची पेन्शन सुरू व्हायला हवी.”

तिघं कोण ते सांगते. निकमकाका वॉरंट ऑफिसर, मूळचे देवळ्याचे, विमानाच्या इंजिनावर काम केलेले. वय शहात्तर. काकू जाऊन सहा वर्षं झाली, वरच्या मजल्यावर एकटे राहतात. त्यांच्या समोरच्या ब्लॉकमध्ये सोनवणेकाका, ते पॅराशूटच्या घड्या घालायचे. आणि खाली आमच्या शेजारी गांगुर्डेकाका, तपासणीवाले. दुसऱ्याने केलेलं काम तपासायचं आणि मगच सही करायची, ही त्यांची नोकरी होती. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. आमच्याकडे नवा गॅस आला तर नळी तेच बघून जातात, आम्ही बोलावलं नाही तरी.

अर्धं ऐकलेलं मला पचत नाही. वाटीभर शिरा घेतला आणि वर निकमकाकांकडे गेले.

काकांनी काही लपवलं नाही. चार महिन्यांपूर्वी ते बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. तेव्हापासून रोज सकाळी दोघं मित्र त्यांना धरून उतरवतात आणि धरून चढवतात. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. ज्योती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं म्हणणं, बाबा, आता पुण्यालाच या. काका नाही म्हणतात. फोनवर भांडण होत होत शेवटी ती चिडून म्हणाली, “शेवटच्या रविवारी मी येते. बावीस पायऱ्या कशाचाही आधार न घेता चढून दाखवा. जमलं तर राहा. नाही जमलं तर माझ्याबरोबर चला, मग वाद नको.”

काका हो म्हणाले होते.

“आज किती चढता?” मी विचारलं.

“सहा.”

हातात एकोणीस दिवस होते. शिरा मात्र त्यांनी पूर्ण संपवला.

*

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पार्किंगचं एअरफोर्स स्टेशन झालं.

सकाळी बघते तर गांगुर्डेकाका आणि सोनवणेकाका शेजारी शेजारी, मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत कंपाउंडभर फिरतायत. मला वाटलं कुणाचं कानातलं पडलं. मीही पदर खोचून शोधायला लागले. पाच मिनिटांनी विचारलं, नक्की काय हरवलंय?

काहीच नाही. विमान उडायच्या आधी रनवेवर सगळे असेच रांगेने चालतात म्हणे, खडे वेचत. एक खडा इंजिनात गेला की इंजिन गेलं. निकम पायऱ्या चढणार, तर पायऱ्यांवर खडा नको.

त्याच तपासणीत जिन्याच्या पहिल्या पायरीवरच्या माझ्या चपला जप्त झाल्या. मागायला गेले तर गांगुर्डेकाकांनी वही पुढे केली. “सही करा, वहिनी. पुन्हा तिथं दिसल्या तर मिळणार नाहीत.”

सही केली. बँक सोडली तर माझ्या सहीला एवढा मान कुणी दिला नव्हता.

*

नववी पायरी आली तेव्हा काका तिथेच बसले. घामाने शर्ट ओला. गांगुर्डेकाकांनी बसल्या जागी पाणी दिलं आणि म्हणाले, “पेचकसाचं सांग वहिनींना. तेवढा दम खा.”

निकमकाका तेव्हा नवे होते, उत्तरेकडच्या कुठल्याशा स्टेशनवर. तिथली पद्धत अशी की काम झालं की हत्यारं मोजून पेटीत ठेवायची. प्रत्येकाची जागा ठरलेली. एक जरी कमी भरलं तरी ते सापडेपर्यंत विमान हलत नाही, कारण राहिलं असेल तर विमानातच राहिलं असणार. त्या दुपारी काकांच्या पेटीत एक पेचकस कमी. कुणालाही कळलं नसतं. बाजूच्या पेटीतला उचलून ठेवला असता तरी चाललं असतं. काकांनी स्वतःच जाऊन सांगितलं.

मग काय, सहा तास! भर उन्हात पत्रे उघडले, सीट बाहेर काढली, आठ माणसं विमानात हात घालून बसली. वर त्यांचे साहेब एकसारखे ओरडतायत, असे बेफिकीर लोक मी आयुष्यात पाहिले नाहीत. शेवटी साहेबांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि रुमालाबरोबर पेचकस खाली पडला. दुपारी बिस्किटाचा डबा उघडायला त्यांनीच नेला होता.

साहेब हळूच म्हणाले, “निकम, रिपोर्टमध्ये कुठे सापडला लिहिणार?”

“जिथे सापडला तिथेच, सर.”

आणि लिहिलं. त्या वर्षी काकांची सुट्टी मंजूर झाली नाही, ते वेगळं.

*

सोनवणेकाकांना वाटतं त्यांचा किस्सा गंभीर आहे. म्हणून तो गांगुर्डेकाका सांगतात.

एकदा विमानात बिघाड झाला आणि पायलटने वेळेत बाहेर उडी मारली. पॅराशूट उघडलं, माणूस वाचला. दोन दिवसांनी मानेला पट्टा बांधलेला तो पायलट पेढ्यांचा बॉक्स घेऊन सेक्शनमध्ये आला. माझं पॅराशूट कुणी बांधलं होतं, विचारू लागला. डोळ्यांत पाणी. सगळ्यांनी सोनवण्यांना पुढे ढकललं. पायलटने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

सोनवणे म्हणाले, “सर, ते आहे कुठे? माझ्या नावावर आहे. परत जमा करावं लागेल.”

पायलट इतका हसला की मान धरून खाली बसला. पॅराशूट शेतातल्या एका बाभळीत अडकलं होतं. ते आणायला तोच जीप घेऊन गेला, शेजारी सोनवणे.

“मग?” मी विचारलं.

“मग काय,” सोनवणेकाका म्हणाले. “तीन ठिकाणी फाटलेलं. तसं लिहून घेतलं.”

*

गांगुर्डेकाकांचा किस्सा त्यांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. गांगुर्डेकाकू सांगतात.

यांच्या लग्नात नवरदेवाची जीप निघायची तर नवरदेव गायब. वाजंत्री ताटकळले. सासरे घामाघूम. शेवटी कुणीतरी वाकून बघितलं. फेटा बांधलेला नवरदेव जीपखाली पालथा पडून चाकाचे नट तपासतोय. एक ढिला होता.

सासरे म्हणाले, “अहो, मुहूर्त टळेल.”

जीपखालून आवाज आला, “मुहूर्त पुढचा मिळेल. चाक निघालं तर तुम्हाला जावईही पुढचा बघावा लागेल.”

काकू म्हणतात, “मी तेव्हाच समजले, या माणसाकडून मला एकदाही ‘चालतंय’ ऐकायला मिळणार नाही. पण एक आहे. पन्नास वर्षांत याच्या गाडीचं चाक नाही निघालं.”

*

चौदाव्या पायरीवर गाडी अडली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. चौदा झाल्या की पाय थरथरायचा आणि काका भिंतीला पाठ लावून उभे राहायचे.

सहाव्या दिवशी माझाच धीर सुटला. मी म्हटलं, काका, पुणं काही परदेश नाही. ज्योती किती प्रेमाने बोलावते, तिच्याकडे लिफ्ट आहे, गरम गरम जेवण मिळेल, नातवंडं आहेत.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत.

“वहिनी, पुण्यात मी ज्योतीचा बाप. चांगला मान मिळेल, दुपारी कुणी आवाज करणार नाही, बाबा झोपलेत म्हणून. इथं हे दोघं मला शिव्या देतात. मला अजून काहीतरी करता येतं असं समजून शिव्या देतात.”

एवढं बोलून भिंतीपासून पाठ काढली आणि पंधरावी चढले.

वरून सोनवणेकाकांनी विचारलं, “थांबायला सांगितलं होतं का कुणी?”

मग सोळावी चढले.

*

शेवटच्या रविवारी ज्योती आली. बरोबर एक रिकामी मोठी बॅग. दहाच्या सुमारास सगळे जिन्यापाशी जमलो. सोनवणेकाका वरच्या टोकाला, ज्योती आणि मी खाली, आणि गांगुर्डेकाका वही घेऊन काकांच्या दोन पायऱ्या मागे.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दहा पायऱ्या सहज गेल्या. चौदावीवर मी श्वास धरला, ती गेली. अठरा, एकोणीस. विसाव्या पायरीवर ते क्षणभर थांबले. मग एकवीस, मग बावीस. वरून सोनवणेकाकांनी टाळी वाजवली. ज्योती रडायलाच लागली. तिने बॅग भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, “जिंकलात बाबा. राहा इथे.”

“नापास,” गांगुर्डेकाका म्हणाले.

कुणाला काही कळेना. गांगुर्डेकाका वहीत बघत होते. “विसाव्या पायरीला उजवा हात रेलिंगला लागला.”

ज्योती म्हणाली, “अहो काका, रेलिंगचं काय एवढं? मी चालवून घेतेय ना!”

“कशाचाही आधार न घेता, असं ठरलं होतं. मी इथं लिहून ठेवलंय.”

“तुम्हालाच ते इथे हवेत ना?”

“हवाय. म्हणून तर बघत होतो.”

ज्योतीने वर बघितलं. निकमकाका बाविसाव्या पायरीवर, धापा टाकत, सरळ उभे होते. ते एवढंच म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. धरलं होतं मी.”

मला तर गांगुर्डेकाकांच्या हातातली वही हिसकावून घ्यावीशी वाटली. एकोणीस दिवस या माणसाने खडे वेचले, आणि आता हे. काकूही दारात आल्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, वाट बघत असल्यासारख्या.

गांगुर्डेकाकांनी वही मिटली, खाली उतरून आले आणि ज्योतीसमोर उभे राहिले.

“जिना त्याच्यासाठी पास नाही. जिना सोडून दुसरी तक्रार आहे का तुझी?”

“नाही,” ज्योती म्हणाली.

“मग आम्ही वर जातो. माझे गुडघे ठीक आहेत. हिचेही. त्याने खाली माझ्या घरात राहायचं.”

काकू म्हणाल्या, “भांडी मी कालच खोक्यात भरलीयेत.”

ज्योतीने डोळे पुसून ती रिकामी बॅग उघडली आणि वर गेली, बाबांचे कपडे भरायला.

दुपारी कॉलनीतल्या बायका विचारत आल्या, निकमकाका घर सोडून गेले का? खरं होतं. सोडलंच होतं. सोनवणेकाका चादरीच्या घड्या घालून एकेक खाली देत होते, आणि गांगुर्डेकाकांची गादी वर चालली होती. जिन्यात दोन्ही संसार एकमेकांना वाट देत होते.

सोमवारी सकाळी मी दार उघडलं तर निकमकाका जिन्याच्या पायथ्याशी उभे. काठी भिंतीला टेकवलेली.

“कुठे निघालात काका?”

“गांगुर्डेने चहाला बोलावलंय. वर.”

मी वर बघितलं. गांगुर्डेकाका बाविसाव्या पायरीवर हात मागे बांधून उभे होते आणि रेलिंगकडे बघत होते.