काकांची राहिलेली बारा मिनिटं

मंडळी, ई-रीडरची अर्धवट तुलना करणाऱ्यांवर मी इथे किती चिडतो, ते तुम्हाला माहीत आहे. माझा नियम एकच: दोन्ही यंत्रांतलं आधीचं सगळं पुसायचं, दोन्हींत एकच मराठी पुस्तक घालायचं, मगच निकाल द्यायचा.

आज नव्या यंत्रासमोर ठेवायला जुनं हवं होतं. आमच्या बोळिंजच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काकांचं दिलं. काका दिवाळीआधी गेले.

दुपारी चार्ज करून दोन्ही गॅलरीत शेजारी-शेजारी ठेवली. काकांचं थेट त्यांच्या पुस्तकातच उघडलं. अक्षरं एवढी मोठी, की पानावर जेमतेम चार ओळी. आणि तळाशी बारीक अक्षरांत, प्रकरण संपायला बारा मिनिटं.

हा हिशेब यंत्र वाचणाऱ्याच्या वेगावरून करतं. म्हणजे ती बारा मिनिटं काकांची होती. नव्या यंत्रावर आकडाच नव्हता, ते अजून मला ओळखत नव्हतं.

मी काकूंना फोन केला. "काकू, यातलं सगळं पुसू ना?"

"पूस की रे. त्यांचं काय राहिलंय आता त्यात?"

मी फोन ठेवला. पान किती पटकन बदलतं ते बघायला म्हणून एक पान उलटलं. बाराची अकरा झाली. मी यंत्र पालथं घातलं.

ते अजून तसंच आहे, चालू. न पुसता केलेली तुलना खोटी, हे मीच इथे ओरडून सांगत आलोय. पण अकरा मिनिटं वाचायची बाकी असलेल्या माणसाला पुसायचं कसं?