कमानीपर्यंत

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खारबावला, घरी, भाजी निवडत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ये." त्या शब्दावर आमचं अख्खं माहेर उभं होतं…

दादा, माझा थोरला भाऊ, भिवंडीत शाळेत इतिहास शिकवायचा. आईवडील लवकर गेले, त्यामुळे माझं माहेर म्हणजे दादाच. जुन्या वस्तीत शिरताना वेशीची दगडी कमान लागते, तिच्या आतल्या अंगाला त्याचं घर. निघणाऱ्याने "येतो" म्हणायचं, "जातो" म्हणायचं नाही, हे सगळ्याच मराठी घरांत असतं. दादाचा हट्ट असा, की तेही तो घरात म्हणू द्यायचा नाही. "घरात कसला निरोप? वेशीपर्यंत घरच की." मग पायात चपला सरकवून कमानीपर्यंत यायचा. तिथे मी "येते" म्हणायचे, तो "ये" म्हणायचा आणि रिक्षा वळेपर्यंत उभा राहायचा. मी पन्नाशी ओलांडली तरी यात खंड पडला नाही.

त्या कमानीवर त्याचा भारी जीव. उंबऱ्याच्या दगडावर बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, गेलेल्या दरवाजाच्या बिजागऱ्यांची भोकं, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बसायच्या देवड्या, सगळं तो हात लावून दाखवायचा. दिवेलागणीला दरवाजा बंद व्हायचा म्हणे. खाडीकडून मीठ, भात घेऊन येणाऱ्याला उशीर झाला तर बाहेरच पथारी. बांधली कोणी? शिलालेख नाही. कोणी किल्लेदाराचं नाव घेतं, कोणी व्यापाऱ्यांचं. वर्गातली कामतघरची, यंत्रमाग चालवणाऱ्यांची मुलं विचारायची, "सर, कौनसे राजा की?" दादा हसायचा. "राजाचं मला ठाऊक नाही रे. पण दमूनभागून आलेल्याला इथे पोचल्यावर 'आलो बाबा घरी' वाटावं, म्हणून बांधली असणार." कमानीवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले की मात्र त्याचं डोकं फिरायचं. "पूर्वी लोक अब्रू वेशीला टांगायचे, आता वाढदिवस टांगतात!"

एक गोष्ट तो चेष्टेवारी न्यायचा. आमच्याकडे प्रेत कमानीखालून नेत नाहीत, शेजारच्या गल्लीतून काढतात. "जन्मभर सगळ्यांना कमानीपर्यंत पोचवतोय, आणि मला बघा, चोरवाटेने काढतील." वहिनी चिडायची, "अहो, शुभ बोला जरा."

शेवटची भेट तो जाण्याच्या थोडेच दिवस आधीची. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, दारापर्यंत आला तरी धाप लागायची. मी निघाले तसा उठायला लागला, तर वहिनीने खांदा दाबून बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी घरात "येते" म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं, नजर खाली घातली आणि म्हणाला, "जा. सावकाश जा."

जा! दादा मला कधी "जा" म्हणाला नव्हता. त्याला कळून चुकलं होतं का? की माझ्यासाठी दार लावून घेतलं त्याने? तो गेला त्याहून तो शब्द मला जास्त छळत राहिला. कुणाला सांगणार? लोक म्हणतील, एका शब्दाचं काय घेऊन बसलीस.

त्याला गल्लीतूनच नेलं. मी एकटी कमानीखाली उभी होते. शववाहिनी बाजूने निघून गेली…

महिन्याचे विधी उरकून परवा निघाले. वहिनी यायला लागली, मीच नको म्हणाले. कमानीच्या सावलीत अंजूरची पार्वतीबाय सुकी मासळी घेऊन बसते. तिने हात धरून बसवलं. मला राहवलं नाही, मी बोलून गेले, "शेवटच्या वेळी दादा पोचवायला आला नाही गं. 'जा' म्हणाला मला."

"न्हाय गो बाय! मास्तर आलता ना त्या दिशी. तुजी रिक्शा वळली न् हा काठी टेकत आला. वहिनीला पत्ता न्हाय. देवडीला हात लावून उभा रायला न् बोलला, 'ये.' मना वाटला, मनाच बोलवतो. पाटी सोडून गेली मी. 'काय मास्तर?' मी बोलली. त्यो हसला. बोलला, 'तुला नाही गं. बहिणीला.'"

भर बाजारात मी ओक्साबोक्शी रडले. पार्वतीबाय पाठीवरून हात फिरवत राहिली. रिक्षावाला "ताई, चलना है क्या?" म्हणून दोनदा विचारून गेला. मग उठले. देवडीचा दगड उन्हाने तापला होता, त्याच्यावर हात ठेवला आणि घराकडे बघून म्हणाले, "येते रे, दादा."

आणि सवयीने, उत्तरासाठी थोडी थांबले.