ताईच्या विड्या आणि माझी मदत

आमच्या घराण्यात विडीला हात लावणारी पहिली व्यक्ती म्हणजे माझी थोरली बहीण, आणि ती नन आहे.

नगरमधल्या एका वस्तीत ताई आणि आणखी दोन सिस्टर पत्र्याच्या खोलीत राहतात. शेजारणी पोटासाठी विड्या वळतात, म्हणून याही वळतात. (आई पाहुण्यांना 'हस्तकला' म्हणून सांगते!)

त्या दिवशी मी गेलो तेव्हा ताई एकटीच होती. शेजारच्या कमलबाई तापाने आडव्या, आणि आज माल गेला नाही तर कारखान्यातलं त्यांचं कार्ड बंद! म्हणजे कामच गेलं. म्हणून त्यांच्या विड्या ताई वळत होती.

"त्यांना गोळी देऊन येते. तू कशाला हात लावू नकोस," असं बजावून ती गेली.

मी आणि स्वस्थ बसणार? कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली, कातरलेली पानं दिसली. चिंब ओली! पत्रा गळत असणार बिचारीचा. मी सगळी पानं ओट्यावर कडक उन्हात पसरली. वर दोनदा उलटवलीसुद्धा!

ताई आली. "पानं कुठायत?"

"वाळवली! भिजली होती सगळी."

"अरे शहाण्या, मीच भिजवली होती! कोरडं पान वळतं का कधी?"

तिने एक पान उचललं. त्याचा पापडासारखा चुरा झाला. तेवढ्यात कमलबाई शाल गुंडाळून दारात आल्या. "शिस्टर, आता वो?" एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोरच्या हौसाबाईंनी मात्र पदर खोचला. "त्यात काय एवढं? आमची पानं हायेत की! शिस्टर आमच्यासाठी बसत्यात, आज आमी बसू." बघता बघता गल्लीतल्या बाया आपापली ओली पानं घेऊन ओट्यावर जमल्या. हसणं, गप्पा आणि कात्र्यांचा नुसता कचकचाट! "आन् ह्या भावालाबी बसवा!" हौसाबाईंनी फर्मावलं. ताईने पानं-तंबाखूचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं.

संध्याकाळी टोपली उचलून मी हौसाबाईंबरोबर कारखान्यात गेलो. चेकरने माल तपासला. "झकास! कमलबाईंचं कार्ड चालू राहील." मी सुटकेचा श्वास सोडला. एवढ्यात त्याने पाच वाकड्या विड्या बाजूला काढल्या. "पण ह्या वळणाऱ्या बाईला पुन्हा बसवू नका!"

"न्हाई बसवनार साहेब," हौसाबाई गंभीरपणे म्हणाल्या. आणि ती बाई मिशीवरची तंबाखू झटकत, रिकामी टोपली घेऊन निमूट त्यांच्यामागे चालू लागली.