वन्सं सुया टोचून घ्यायला येतात

दुपारचं जेवण आटोपून शरयू शेडगे आपल्या नव्या दवाखान्यातल्या वेताच्या खुर्चीत जराशी टेकते. झोपायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलंय. चार वाजता पहिल्या पेशंट यायच्या आहेत. खाली साताऱ्याच्या रस्त्यावर भंगारवाल्याची हाक लांब जाते, आणखी लांब जाते. पंख्याची घरघर कानात मुरत जाते.

भीती पेशंटची नाही. भीती सुईची आहे. ज्या बाईनं बेचाळिसाव्या वर्षी पतसंस्थेतली नोकरी सोडून अ‍ॅक्युपंक्चर शिकायला घेतलं, दर शनिवारी एसटीनं पुणं गाठलं, ‘सुईवाली’ म्हणून भावकीची चेष्टा सोसली, तिनं नणंद गेल्यापासून एकदाही सुई हातात धरलेली नाही. जागा घेतली, रंग दिला, शेजारच्या खोलीत योगासनांच्या सतरंज्याही अंथरल्या. पण सुयांचं पाकीट काही तिच्यानं फोडवलं नाही.

पापण्या जड होतात. दार वाजत नाही, तरी वन्सं आत येतात.

अबोली रंगाची साडी, पदर कमरेला खोचलेला. डोक्यावर केस आहेत. औषधांनी गेलेले सगळे केस परत आलेत आणि वेणी पार कमरेपर्यंत लोंबतेय.

“काय गं शरयू, दवाखाना उघडलास आणि मला आवतण नाही?”

“वन्सं, तुम्ही तर...”

“गेले. ठाऊक आहे मला. त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? मान धरलीय माझी. आटप, कुठं पडू सांग.”

इंदुमतीवन्सं म्हणजे शरयूच्या नवऱ्याची थोरली बहीण. तरुणपणी कबड्डीत जिल्हा गाजवलेली बाई. शरयू शिकत होती तेव्हा सरावाला कुणी अंग देईना. नवरा सुईचं नाव काढलं की बाथरूममध्ये शिरायचा. वन्संनी मात्र पहिल्याच दिवशी चटईवर लोळण घेतली आणि फर्मावलं, ‘टोच. फार तर काय होईल, ओरडेन.’ आणि ओरडल्याही. शेजारचे धावत आले.

शरयू सुयांचं कपाट उघडते. कपाटात कबड्डीचं मैदान आहे. चुन्याच्या रेघा नुकत्याच मारल्यात, उन्हाचा वास येतोय. मैदानाच्या मधोमध उपचाराचं टेबल आहे आणि त्यावर वन्सं पालथ्या पडल्यात, वीस वर्षांच्या, हाफ पँटीत, गुडघे खरचटलेले.

“मी नाही टोचणार,” शरयू म्हणते.

“का?”

“मला जमत नाही आता.”

“जमत नाही का नको वाटतं?”

शरयू नजर वळवते. रेघेपलीकडे माणसं बसलीत, पण त्यांचे चेहरे दिसत नाहीत. वन्सं कूस बदलतात. त्या वळतात तशी टेबलाची खाट होते, चुन्याच्या रेघांची फरशी होते, आणि खाटेशी सलाइनचा स्टँड उभा आहे. हा मोठ्या इस्पितळातला वॉर्ड. खिडकीत कुणाची तरी केळी काळी पडलीत. वन्सं आता पन्नाशीच्या पुढच्या आहेत, डोक्याला रुमाल बांधलेल्या, गालफडं बसलेल्या.

“तुम्हाला बरं नाही करता आलं मला,” शरयूच्या तोंडून निघून जातं. वर्षभर हे वाक्य तिनं नवऱ्यालाही ऐकवलेलं नाही.

वन्सं तिच्याकडे बघतात. मग हसतात. हसणं तेच, खळखळून, सगळा वॉर्ड वळून बघेल असं.

“अगं येडे, मला बरं करायला ते चार डॉक्टर बसले होते की! त्यांना नाही जमलं, आणि तू काय गाठ वितळवणार होतीस सुईनं? तू तसं म्हणाली होतीस कधी?”

“नाही.”

“काय म्हणाली होतीस?”

“मळमळ कमी होईल म्हणाले होते.”

“झाली का?”

शरयूला आठवतं. औषधाच्या दुसऱ्या फेरीनंतर वन्संच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तिनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बघा करून, माझी हरकत नाही. मग तिनं मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन बोटं वर, दोन्ही हातांना एकेक सुई लावली होती. अर्ध्या तासानं वन्सं उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘आमटीभात आहे का गं?’

“त्या दिवशी मी आमटीभात खाल्ला,” वन्सं म्हणतात. “वर लोणचं मागितलं. लोणचं! आणि स्वातीच्या लग्नात काय केलं मी, सांग.”

सांगायची गरजच पडत नाही. वॉर्डच्या दारातून बँड आत येतो. खाटा बाजूला सरकतात, मांडवाच्या झालरी लोंबू लागतात, अत्तर आणि जिलबीच्या कढईचा वास एकमेकांत मिसळतो. लेकीच्या वरातीत वन्सं नाचतायत. डोक्यावरचा रुमाल सुटून पडलाय आणि त्यांना त्याची काडीचीही पर्वा नाही. जावई हात जोडून, ‘आई, बसा आता’ म्हणतोय, आणि त्या त्यालाच हाताला धरून ओढतायत.

“त्या दिवशी सकाळी कुणी सुया लावल्या होत्या?” बँडच्या आवाजावरून त्या ओरडून विचारतात.

“मी!” शरयूही ओरडते.

“मग रडतेस कशाला? माझं मरण माझं होतं गं. ते तुझ्या खात्यावर कशाला मांडतेस? तो आमटीभात तुझा, ही वरात तुझी!”

बँड थांबतो. आता दवाखाना आहे, फक्त भिंती नाहीत. चारी बाजूंनी अजिंक्यताऱ्यावरचा वारा येतोय. वन्सं टेबलावर पालथ्या, वेणी बाजूला घेऊन मान मोकळी केलेली.

“चल, दम धरते मी.”

सुई शरयूच्या बोटांत आहे. कधी आली, तिला कळत नाही. ती मानेवर बोट फिरवते, गाठीसारखी जागा सापडते. वन्सं पूर्वीसारख्याच पुटपुटायला लागतात, “कबड्डी, कबड्डी, कबड्डी...” त्यांचा श्वास लांबत जातो आणि त्याच श्वासाबरोबर सुई आत उतरते. शरयू ती हलकेच फिरवते. आतून कुणीतरी सुई धरून ठेवल्यासारखी ओढ लागते. ही ओढ ती पार विसरली होती.

“आलं!” वन्सं म्हणतात. “जड झालं बघ. खांद्यापर्यंत गेलं.”

“मलाही कळलं,” शरयू म्हणते, आणि तिला हसू फुटतं.

“मग आता माझ्याशी गप्पा काय मारत बसलीस? बाहेर बाई जिन्यात ताटकळलीय. दुखतंय तिलाही.”

दार वाजतं.

शरयू दचकून उठते. चार वाजायचेत. ती तोंडावर पाणी मारते आणि दार उघडते. दारात मुलाणीबाई, बालवाडीतल्या निवृत्त शिक्षिका, जिना चढून धापा टाकतायत. उजवा हात पोटाशी धरलेला. चार महिने खांदा आखडलाय. हात कानाच्या वर जात नाही, अंबाडासुद्धा सून घालते.

“लवकर आले का मी?”

“अगदी वेळेवर आलात. बसा टेबलावर, पाय खाली सोडून.”

मुलाणीबाई बसतात आणि चटकन उठतात. चादरीवर डावा हात फिरवतात.

“माझ्याआधी कुणी होतं का गं? गादी गरम आहे.”

शरयू तळहात टेकवते. माणसानं आत्ता उठून जावं तशी ऊब, डोक्याच्या जागेपासून पायांपर्यंत. बाकीच्या चादरीला हात लावला तर गार.

“आमच्या वन्सं होत्या,” ती म्हणते. “मान धरली होती त्यांची.”

“उतरली का?”

“उतरली.”

शरयू सुयांचं पाकीट फोडते. मुलाणीबाईंच्या नडगीला कापूस लावते, तशा बाई बुचकळ्यात पडतात.

“अगं, दुखतोय खांदा आणि सुई पायाला?”

“हो. श्वास सोडा.”

सुई उतरते. शरयू ती फिरवते आणि थांबते. ओढ लागते.

“आई गं, जड झालं,” बाई म्हणतात.

“आता हात उचला. हळूहळू. दुखेल तिथं थांबा.”

हात खांद्यापर्यंत येतो. थबकतो. मग कानापर्यंत जातो, कानाच्या वर जातो, आणि मुलाणीबाईंची बोटं स्वतःच्या अंबाड्याला लागतात. त्या पिन काढतात, केस मोकळे सोडतात, आणि गरम गादीवर बसून चार महिन्यांनी स्वतःच्या हातांनी अंबाडा बांधतात. वाकडा, पण घट्ट.