कोट्यातले डोळे

"कोट्यातून सीट मिळते. डोळे मिळत नाहीत."

आमच्या सर्जरी युनिटचे सर हे सगळ्यांसमोर म्हणाले. अपघात विभागात, भर दुपारी. इंटर्न हसले. माझ्या बरोबरीचे निवासी डॉक्टर हसले. मी सर्जरीच्या पहिल्या वर्षाला होते. आष्टीकडच्या खेड्यातली.

आर्वी रोडवर ऑटो उलटला होता. भाजी घेऊन बाजाराला निघालेली बाई त्यात होती. तिचा सीटी स्कॅन पडद्यावर आला. सरांनी डोक्याचे फोटो पाहिले, "डोकं ठीक आहे" म्हणाले आणि मोबाइल काढला. मी पोटाच्या फोटोंवर थांबले.

"सर, प्लीहेभोवती रक्त दिसून राह्यलं."

आधी त्यांनी माझी बोली ओढून ओढून म्हणून दाखवली. मग ते कोट्याचं वाक्य. मग म्हणाले, "वॉर्डात ठेवा. रिपोर्ट उद्या येईल."

पडद्याकडे एकानंही पाहिलं नाही. राग येतो तो याचा. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण फोटो तर बघा!

स्कॅन वाचायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. सरांच्या मर्जीतली पोरं केबिनमध्ये शिकायची. मी विचारलं की उत्तर एकच, "पुस्तक वाच." वाचलं. जुने स्कॅन काढून एकटीच बघत बसले.

वॉर्डात बाईचा नवरा माझ्यामागं आला. "म्याडम, हे काऊन इतकी घामेजून राह्यली?"

नाडी पळत होती. बीपी घसरत होतं. मी सोनोग्राफीचं मशीन ओढत आणलं. पोटात रक्त भरलेलं. सरांना फोन केला. "उद्या म्हटलं ना!" कट.

मग मी थेट विभागप्रमुखांना फोन लावला. ते आले, पडदा पाहिला, बाईला ऑपरेशनला घेतलं. फाटलेली प्लीहा काढावी लागली. बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सर म्हणाले, "आम्ही वेळेत ओळखलं."

मी उभी राहिले. "सर, मी ओळखलं. तुम्ही माझी टिंगल केली होती."

विभागप्रमुख खाली बघत राहिले.

तेव्हापासून मला ऑपरेशन थिएटर बंद. दिवसभर ड्रेसिंग. सरांचा निरोप आला, माफी माग, सगळं सुरळीत होईल. मैत्रीणही म्हणाली, "माग ना बाई, काय जाते तुहं?"

माझं सगळंच जातं. मी माफी मागणार नाही. थिएटरच्या दाराशी रोज उभी राहीन, रोज आत घ्या म्हणेन. सर्जन व्हायला आले आहे. होऊनच जाईन.