हजार दिवसांचं लाल

पुलापाशी येऊन मिसाओ-सान थांबल्या आणि हातातली फुलांची टोपली त्यांनी कठड्यावर ठेवली. शेतातून निघून आम्हांला तास झाला होता, अजून अर्धा तास चालायचं होतं. माझ्या पाठीवर अळूच्या देठांचा भारा होता, ओल्या कापडात बांधलेला, आणि त्याचं पाणी झिरपून माझी पाठ पार भिजली होती.

"इथून पुढे तू एकटीच जा, कुमुदो," त्या म्हणाल्या. "देठ दे, फुलं दे आणि परत ये. मी इथे बसते."

माझं नाव कुमुद. शेवटी 'ओ' लावल्याशिवाय ते त्यांच्या जिभेवर बसत नाही, आणि बावीस वर्षांत मीही ते दुरुस्त करायचं सोडलंय.

"पाय दुखतात का?"

"पाय धड आहेत."

"मग?"

"यंदा ओवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, असा निरोप धाडलाय मी. बोटं दुखतात म्हणून."

"दुखतात?"

"नाही."

मी भारा उतरवला आणि त्यांच्या शेजारी बसले. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. पितरांचे दिवस नुकतेच संपले होते आणि नदीकाठच्या बांधांवर रानटी लाल फुलांचे दांडे अजून उभे होते. कुठल्यातरी परसातल्या झाडाचा केशरी, गोड वास येत होता. पण मिसाओ-सानांचं लक्ष टोपलीकडे होतं.

ऑक्टोबर उजाडला की आमची वस्ती तेन्जिन-सान या विद्येच्या देवासाठी भाजीपाल्याची पालखी करते. छप्पर अळूच्या देठांनी शाकारायचं, कोपऱ्यांना वांग्यामिरच्यांची झुंबरं टांगायची, बाजूंना भोपळ्याची, शेंगांची, सुकवलेल्या शेवाळाची चित्रं करायची. आणि चारी खांब लाल फुलांच्या माळांनी असे गुंडाळायचे की आतलं लाकूड दिसता कामा नये. फूल सुपारीएवढं. हाताला कागदासारखं लागतं आणि तोडलं तरी रंग सोडत नाही. इथे त्याचं नावच 'हजार दिवसांचं लाल' असं आहे. मागचे दोन खांब वस्तीतल्या बायका मिळून करतात. पुढचे दोन बेचाळीस वर्षं एकट्या मिसाओ-सानांचे आहेत. फुलंही त्यांच्याच शेतातली. शेत म्हणजे डोंगराखाली एक पट्टा, पण वसंतात बी टाकण्यापासून सगळं त्या स्वतः करतात. आणि तोडलेली फुलं कधी बसने आणत नाहीत. देवाचं सामान सीटवर ठेवायचं नाही, आणि मांडीवर घेतलं तर शेजारच्याला टोचतं, म्हणून दीड तास पायी.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत त्या. मूळच्या इथल्या नव्हेत. उत्तरेला समुद्राकाठी त्यांचं गाव, बाप मासे धरायचा. सोळाव्या वर्षी क्योतोत मागावर रेशमी पट्टे विणायला आल्या आणि चोविसाव्या वर्षी इमानिशींच्या घरात सून म्हणून पडल्या. इमानिशी पिढीजात भाजीवाले. नवरा सेइजी-सान कमी बोलायचा, सासू त्याची कसर भरून काढायची, पण क्योतोच्या रीतीने. सून मोठ्याने हसली की सासू म्हणायची, "आमच्या घरात केवढी जान आली गं." सुनेने जाड कापलेला मुळा ताटात आला की म्हणायची, "दात मजबूत राहतील आता माझे." हे कौतुक नाही, हे कळायलाच त्यांना दोन वर्षं लागली.

"आणि कळल्यावर?" मी एकदा विचारलं होतं.

"कळल्यावर मीही बारीक कापायला लागले. आणि बोलायलाही."

नवरा गेला तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. त्यानंतर शेत, सासूचं आजारपण, दोन मुलींची लग्नं, सगळं निभावलं, आणि त्याबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द कुणी ऐकला नाही. मी नवी होते तेव्हा, आमच्या ह्यांच्या नोकरीपायी परमुलखात येऊन पडलेली, शेजारी कुणाशी बोलायचं ते कळत नव्हतं. एका दुपारी त्या ओसरीवर फुलं ओवताना दिसल्या. मी न विचारता समोर जाऊन बसले आणि सुई मागितली. आईच्या हाताखाली रोज देवाला हार केलेला, तेवढं एकच काम मला भाषेवाचून येत होतं. एक फूल नाकाशी नेऊन त्या मला दाखवत होत्या की बघ, याला वास नाही. मी त्यांचा हात खाली केला. मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नसतो. मग ते फूल त्यांनी बाजूला काढून ठेवलं, ओवलं नाही. त्या दिवसापासून कधी नाकाशी नेलं नाही.

तर अशा बाईने 'बोटं दुखतात' असा खोटा निरोप का धाडला, ते मला पुलावर कळलं.

या वर्षी पालखी मंडळाचे प्रमुख नागासे-सान झाले आहेत. पंचेचाळिशीचा माणूस, थेट उत्तरेच्या होक्काइदो बेटावरचा, लग्न करून या वस्तीत आला. गेल्या आठवड्यात बायका मागच्या खांबांसाठी वस्तीच्या सभागृहात ओवत बसल्या होत्या, पलीकडे पुरुषांचं छपराचं काम चाललं होतं, तेव्हा मिसाओ-सान नमुना दाखवायला तिथे गेल्या. नागासे-सान पाच मिनिटं उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "इमानिशी-सान, तुम्हांला ओवताना बघितलं की वाटतं, माणूस उगीच घाई करतो."

"झालं," मिसाओ-सान म्हणाल्या. "पंधरा बायकांसमोर."

"चांगलंच बोलले की."

"सावकाश आहात, असं बोलला. काम पुरं होणार नाही, असं बोलला. तू इथली नाहीस म्हणून तुला ऐकू आलं नाही."

"तेही इथले नाहीत," मी म्हटलं.

यावर त्यांनी टोपलीतली फुलं उगाच वरखाली केली. मग नदीकडे बघत एक गोष्ट सांगितली, जी मला बावीस वर्षांत माहीत नव्हती.

पुढचे खांब आधी त्यांच्या सासूचे होते. तिची नजर अधू झाली तशा माळा सैल पडायला लागल्या, फुलांमधून धागा दिसायला लागला. तिला सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. सासू माळा ओवून द्यायची, सगळे वाकून आभार मानायचे, आणि मिसाओ-सान त्या माळा मागच्या खोलीत नेऊन उसवायच्या आणि नव्याने ओवायच्या. तीन वर्षं. मिरवणुकीत पालखी दारावरून गेली की सासू म्हणायची, "अजून चालतो गं माझा हात."

"आणि मी म्हणायचे, चालतो तर." मिसाओ-सानांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तू सांग. माझ्या माळा सभागृहात गेल्यावर कुणाच्या मागच्या खोलीत जातात, ते मला कोण सांगणार?"

मी भारा पाठीवर घेतला, टोपली उचलली आणि पूल ओलांडला.

पलीकडे कोपऱ्यावर तोफूवाल्या किकुनो-सान दुकानापुढे पाणी मारत होत्या. म्हणाल्या, "अळू पाठीवर, फुलं हातात. नवऱ्याशी भांडून देवाच्या घरी राहायला निघालात का?"

"जागा मिळाली तर राहीन."

"मिसाओ-सान कुठेयत?"

"पुलावर बसल्यात. उन्हात."

त्यांनी पाण्याची बादली खाली ठेवली. आत गेल्या आणि गार चहाचा थर्मास घेऊन पुलाकडे निघाल्या.

सभागृहात पाचसहा माणसं देठ निवडत होती. नागासे-सान गुडघ्यांवर बसून एका पांढऱ्या मुळ्याचा ससा करत होते, आणि तो मांजरासारखा दिसत होता. मी भारा आणि टोपली खाली ठेवली आणि सरळच विचारलं. परक्या बाईला इथे एवढी सवलत असते, आणि ती मी एरवी फारशी वापरत नाही.

"मिसाओ-सान सावकाश काम करतात, असं तुम्हांला म्हणायचं होतं का?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "कधी?"

मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. ते ऐकताना त्यांचे कान लाल झाले.

"अहो, मी खरंच तसं म्हणालो होतो. म्हणजे, बघत राहावंसं वाटतं. एवढं मन लावून काम करणारं माणूस मी बघितलेलं नाही. म्हणून त्यांनी निरोप धाडला?" ते बाकीच्यांकडे वळले. "तुम्ही सगळे होतात तिथे. मला कुणी बोललं का नाही?"

सगळे देठ निवडू लागले. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "आम्हांला वाटलं, तू आता इथलं बोलायला शिकलास. बरं बोललास असंही वाटलं, जरा जास्त तिखट."

"मग या गावात कौतुक करायचं कसं?"

"ते पुढचं. आधी नीट नावं ठेवायला शीक."

हसता हसता एकाने ससा उचलून "मांजर छान जमलंय" म्हटलं, आणि नागासे-सान उठले. सुरी पुसली, डोक्याचा पंचा सोडला आणि फुलांची टोपली उचलून माझ्याबरोबर निघाले. वाटेत मला एकदाच विचारलं, "वाकून बोलू का उभं राहून?" मी म्हटलं, जसं येतं तसं बोला.

मिसाओ-सान आणि किकुनो-सान पुलावर चहा पीत होत्या. नागासे-सान समोर उभे राहिले.

"इमानिशी-सान, पुढचे खांब तुम्हीच करायचे. तुम्ही सावकाश आहात असं मला वाटलं असतं तर मी 'तुम्ही सावकाश आहात' असंच म्हटलं असतं. आमच्या गावी एवढंच येतं."

मिसाओ-सान कप दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "उन्हातून एवढ्या लांब आलात. फार त्रास झाला असेल."

नागासे-सान हळूच माझ्याकडे वळले. "हे हो आहे की नाही?"

"हो आहे," मी आणि किकुनो-सान एकदमच म्हणालो.

पुढचे तीन दिवस सकाळी देवाला दिवा लावला की मी त्यांच्या ओसरीवर जात असे. मी फुलांचे देठ नखाने खुडून द्यायची, त्या ओवायच्या. सुई फुलाच्या बुडातून शिरते आणि मधोमध बाहेर येते, जराही कलत नाही. पुढचं फूल आधीच्यावर असं बसतं की धाग्याला श्वास घ्यायला जागा नाही. मध्ये किकुनो-सान तळलेला तोफू देऊन गेल्या. मिसाओ-सान हात धुऊन जेवायच्या आणि पुन्हा बसण्याआधी हात पुन्हा धुवायच्या. त्या ओवताना मी त्यांच्या बोटांकडे बघत असे आणि मला माझे गावाकडचे हार आठवून लाज वाटत असे. आम्ही देव फुलांनी झाकून टाकतो, पण मागचा धागा दिसला तर चालवून घेतो. त्यांना पुढून नाही आणि मागूनही नाही चालत.

माळ संपली की त्या शेवटी एक गाठ मारतात. मागावर धागा तुटला की विणकर मारतात ती, इवलीशी, सपाट. सोळाव्या वर्षी शिकलेली. वस्तीत ती दुसऱ्या कुणाला येत नाही.

चार तारखेला मिरवणूक निघाली. पालखी आमच्या गल्लीच्या तोंडाशी विसाव्याला थांबली. बासऱ्या थांबल्या, माणसं घाम पुसू लागली. मी हात जोडले. डोळे उघडले तर मिसाओ-सान शेजारी नव्हत्या. गर्दीतून वाट काढून त्या पुढच्या खांबाशी गेल्या होत्या. नमस्कार करतात तशा वाकल्या आणि चष्मा कपाळावर चढवून खांबाच्या बुडाशी बघत राहिल्या. मग दुसऱ्या खांबाशी. लोकांना वाटलं, म्हातारी पाया पडतेय. त्या गाठी शोधत होत्या.

थोड्या वेळाने परत आल्या. चष्मा तसाच कपाळावर राहिला होता, आणि सासूच्या भाषेत सांगायचं तर जान आल्यासारख्या त्या मोठ्याने हसत किकुनो-सानांना म्हणत होत्या की तुझा थर्मास गळतो.

दोन दिवसांनी पालखी मोडली. दर वर्षी मोडतातच. अळू, वांगी, माळा, सगळं उतरवून ठेवतात. आमच्याकडच्या निर्माल्यासारखंच. मिसाओ-सान पुढच्या वर्षीच्या बियांसाठी मूठभर सुकी फुलं मागून घेतात. ती कागदात बांधून आम्ही दोघी शेताकडे चाललो होतो. पुलावर आल्यावर त्या पुन्हा तिथेच थांबल्या.

"चारी बाजूंनी बघितलं मी," त्या म्हणाल्या. "गाठी माझ्याच होत्या. सगळ्या."

"मग आता झालं ना मनासारखं?"

"यंदाचं झालं." त्यांनी पुडी माझ्या हातात दिली, जशी काही तीही मीच न्यायची होती. "कुमुदो, इथे मला कुणी सांगणार नाही. नागासेही सांगणार नाही, दोन वर्षांत तोही इथलं बोलायला शिकेल. तू काही शिकत नाहीस. ज्या वर्षी माझ्या माळेतून धागा दिसेल, त्या वर्षी मला तोंडावर सांग. मागच्या खोलीत नेऊ नकोस."