आवाज काढून टाकलेला व्हिडिओ

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि घरातलं लिहिणं आजवर सहीपुरतंच. पुस्तक वाचणाऱ्यांसमोर मी काही लिहावं एवढी माझी तयारी नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला हे आवडेल की नाही, तेही ठाऊक नाही. पण आमच्या दोघांबद्दल जे काही बोललं गेलं ते सगळं दुसऱ्यांनीच बोललं, म्हणून एकदा मी सांगून बघतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे दोन्ही पाय लहानपणापासून अधू आहेत. सपाट जागेवर कुबड्यांनी मी बराच चालतो, जिना मात्र जमत नाही. इस्लापूरहून नांदेडला शिकायला आलो तेव्हा कळलं, वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. सुरुवातीला मी खालीच बसून राहायचो. एक दिवस वर्गातलाच एक मुलगा, मुदखेडकडचा, माझ्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि म्हणाला, "बस पाठीवर. काय बघून राहिला?"

पुढे आम्ही एकाच खोलीत राहू लागलो. नांदेडात माझा मित्र म्हणजे तोच. तो मला पोत्या म्हणायचा. "ऊठ की पोत्या, पहिला तास चालला." त्याला पोलीस भरती करायची होती. पळण्यात तो पक्का, पण लेखी पेपरची धास्ती. म्हणून जिना चढताना मी पाठीवरून त्याला सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारायचो.

"मांजरा कुठल्या नदीला मिळते?"

"गोदावरीला. गप बस, दम लागून राहिला."

"गप बसलो तर पेपर कसा सोडवशील?"

"तू भात कमी खा, मी जिना बी काढतो अन् पेपर बी."

तो चिडायचाही. एकदा भांडणात त्यानं मला पहिल्या मजल्यावर टेकवलं आणि एकटाच वर निघून गेला. तास संपल्यावर खाली आला.

"अजून इथंच हायस?"

"कुठं जाऊ, उडत?"

मग दोघंही हसलो, इतके की शिपाई ओरडला.

आमच्या वर्गातल्या कुणीतरी वरच्या कठड्यावरून आमचा व्हिडिओ काढला. मोबाईलवर बातम्या देणाऱ्या एका चॅनलनं तो घेतला. त्यांनी आमचा आवाज काढून टाकला, बासरीचं रडकं संगीत घातलं आणि वर लिहिलं, 'मित्राचे पाय झाला!' व्हिडिओत माझे ओठ हलताना दिसतात. मी त्याला लिंबात कुठलं आम्ल असतं, ते विचारत होतो. खाली लोकांनी लिहिलं होतं, बिचारा देवाचं नाव घेतोय. बिचारा हा शब्द इतक्यांनी लिहिला होता की मी पुढं वाचलंच नाही.

कॉलेजनं त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. मला शेजारी खुर्ची दिली होती. कार्यक्रम संपल्यावर मी धीर करून प्राचार्यांना म्हणालो, "सर, आमचा वर्ग खालच्या मजल्यावर घेता येईल का?" ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असा मित्र असताना तुला खालचा वर्ग कशाला रे?" तो शाल पांघरून तिथंच उभा होता. खाली बघत होता.

मग माझी माय आली. गावात कुणीतरी तिला मोबाईलवर ते दाखवलं होतं. आमच्याकडं मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी करतात, व्याह्याला, मोठ्या पाहुण्याला. मायनं त्याच्यासाठी टॉवेल-टोपी आणली होती. खोलीत त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टोपी घातली. तो लाजत होता, माझ्याकडं बघून डोळे वटारत होता. आणि मायनं वाकून त्याच्या पायांवर डोकं टेकवलं.

तो उडीच मारून मागं सरकला. "काय करता माय! मी लेकरासारखा तुम्हाला!"

"न्हाई बाबा," माय म्हणाली, "तू माझ्या लेकराचे पाय झालास."

त्या दिवसानंतर त्यानं मला पोत्या म्हटलं नाही. जिन्यात चिडला नाही, मध्ये टेकवलं नाही. मी प्रश्न विचारले तर सरळ उत्तर द्यायचा. मी मुद्दाम खोडी काढली तरी, "असू दे," एवढंच.

काही आठवड्यांनी तो म्हणाला, "मी लातूरला चाललो. तिथं भरतीची अकॅडमी चांगली हाय."

"कॉलेज?"

"परीक्षेला येतो." मग स्वतःच बोलला. "काल जिन्यात माझा पाय मुरगळला. वर बघतो तर पोरं मोबाईल धरून उभी. च्यायला, साधी शिवी बी देता आली न्हाई मला. तुझा राग येतो कधीकधी. आता तो कुठं ठेवू, सांग."

जा, म्हणालो.

एकदा मी एसटीनं लातूरला त्याला भेटायला गेलो. स्टँडवर चहा घेतला. त्याच्यासोबत अकॅडमीचा एक मुलगा होता. तो मला निरखून म्हणाला, "व्हिडिओतला हाच का?" आणि त्यानं आमचा फोटो काढला. फोटोसाठी मित्रानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. परतताना त्यानं मला कोपराला धरून बसमध्ये चढवलं. इतक्या जपून त्यानं मला कधीच धरलं नव्हतं. मला वाटलं, ओरडावं त्याच्यावर. पण बस भरलेली होती आणि लोक कौतुकानं बघत होते.

नंतर फोन कमी झाले. ग्राउंडवरची पळण्याची चाचणी झाली, लेखी पेपर झाला, एवढं त्यानं कळवलं. निकालाचं मी दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. मला वाटलं, निवड हुकली असेल, म्हणून बोलत नसेल. अशा वेळी त्याला सोबत लागते, हे मला माहीत होतं. पण पुन्हा विचारायचं धाडस होईना.

मी आता वर्गात जात नाही. खाली जिन्याला लागूनच वाचनालय आहे, दिवसभर तिथं दाराजवळ बसतो. तिथून जिना दिसत नाही, पण वरचे तास सुटले की पायांचा आवाज येतो.

परवा वर्गातली एक मुलगी पुस्तक परत करायला आली. मला बघून थांबली.

"काय मग, तुम्हाला पार्टी दिली का न्हाई?"

"कुणी?"

"असं काय करता, तुमच्या दोस्तानं. लातूर पोलिसात लागला की तो. सोमवारी आला होता, वर वर्गात सगळ्यांना पेढे वाटून गेला."